सत्तर-तीसचं सूत्र: मराठवाड्यात शाळा पोचल्या, मेडिकलच्या जागा मागे राहिल्या

सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या सावटाखाली भरलेल्या विधिमंडळाच्या छोट्या अधिवेशनात तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी एक घोषणा केली. मेडिकल प्रवेशातलं ७०:३० चं प्रादेशिक सूत्र रद्द, यापुढे राज्याची एकच गुणवत्ता यादी. मराठवाड्यात या निर्णयाचं मोठं स्वागत झालं, इतर विभागांतून विरोधही झाला. पुढे वाद विरला आणि प्रवेशाच्या फेऱ्या नव्या पद्धतीनं सुरू झाल्या.

वाद विरला तरी प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. शिक्षण पसरत जातं तेव्हा प्रदेशाप्रदेशातली विषमता कमी होते, असं आपण धरून चालतो. इथे काय झालं ते पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. विषमता एका पायरीवर कमी झाली आणि पुढच्या पायरीवर जाऊन बसली. मागासांना आधार म्हणून केलेला नियम तीसेक वर्षांनी त्याच मागासांच्या वाटेत आला. नियमात वाईट हेतू कुठेच नव्हता, म्हणून तर त्यातून शिकण्यासारखं जास्त आहे.

सूत्र काय होतं

प्रवेशासाठी राज्याचे तीन विभाग धरले जात: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. मुंबई, पुणे, कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर महाराष्ट्र हे सगळं ‘उर्वरित’मध्ये. प्रत्येक विभागातल्या, राज्य शासनामार्फत भरल्या जाणाऱ्या जागांपैकी ७० टक्के जागा त्याच विभागात शिकलेल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्यभरातल्या सर्वांना खुल्या. जातनिहाय आरक्षण या चौकटीच्या आत चाले.

हे आकडे मंत्रालयातल्या कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून आलेले नव्हते, न्यायालयातून आले होते. त्याआधी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत शिकलात तिथल्याच मेडिकल कॉलेजात प्रवेश, असा राज्याचा दंडक होता. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रदीप जैन खटल्यात देशभरासाठी म्हटलं, की एमबीबीएसच्या खुल्या जागांपैकी जास्तीत जास्त ७० टक्के जागा रहिवासाच्या आधारावर राखता येतील. दोन वर्षांनी महाराष्ट्राचा नियमच न्यायालयापुढे आला. १९८६ च्या निदामर्ती महेशकुमार खटल्यात न्या. भगवती यांनी ती बंदिस्त पद्धत रद्द ठरवली. त्याच निकालात त्यांनी एक महत्त्वाची गोष्टही मान्य केली. शैक्षणिक सोयी किंवा वैद्यकीय सेवा या बाबतीत मागे पडलेल्या विभागातल्या मुलांना पुढारलेल्या विभागांशी बरोबरीनं स्पर्धा करता येणार नाही, म्हणून त्यांना स्थानिक प्राधान्य देणं समतेच्या तत्त्वाला धरूनच आहे. मर्यादा तीच, ७० टक्के.

त्या काळात हा विचार बरोबर होता असं मला ठामपणे वाटतं. मराठवाड्याची तेव्हाची स्थिती पाहिली की ते पटतं.

मागे पडण्याचा इतिहास

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पुण्यात फर्ग्युसन १८८५ साली निघालं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, कर्मवीरांची रयत १९१९ साली उभी राहिली. त्याच काळात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षण उर्दूतून, उस्मानिया विद्यापीठात. औरंगाबादला इंटरमीजिएटपर्यंतचं कॉलेज, पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचं. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी आणि तिच्यावर सरकारची नजर. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय ही नावं मराठवाड्यात आजही आदरानं घेतली जातात, कारण स्वामी रामानंद तीर्थांसारख्या माणसांनी तिथे शिकवता शिकवता एक पिढी घडवली. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल औरंगाबाद-हैदराबादच्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं, तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो नागपूर विद्यापीठात. आपल्या घराजवळ शिकायची सोयच नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उघडलं, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. १९५६ साली औरंगाबादला शासकीय मेडिकल कॉलेज आलं, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शाळा म्हटलं की रयतसारख्या संस्था डोळ्यांपुढे येतात. मराठवाड्यात मात्र सरकारी हायस्कुलं जिल्हा परिषदेकडे आली आणि तालुक्याच्या गावी ‘जिल्हा परिषद प्रशाला’ हीच सर्वसामान्यांची शाळा झाली. फी नाही, देणगी नाही. आज साठीच्या पुढचे मराठवाड्यातले डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी यांना शाळा विचारा, बरेच जण प्रशालेचंच नाव सांगतील.

तरीही १९८० च्या दशकात विभाग मागेच होता. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीनं १९८४ साली राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. शिक्षण आणि आरोग्य ही क्षेत्रं त्या हिशेबात होती. म्हणजे ७०:३० आलं तेव्हा ते बळ देणारंच होतं. औरंगाबाद आणि अंबाजोगाईच्या कॉलेजांतल्या जागा पुण्या-मुंबईच्या मुलांनी भरल्या असत्या, तर परभणी-हिंगोलीकडे दवाखाना टाकायला डॉक्टर आला नसता.

दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या

पहिली गोष्ट जागांची. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचं धोरण आलं. खासगी संस्थांनी इंजिनिअरिंग आणि मेडिकलची कॉलेजं काढली. ती निघाली कुठे? जिथे भांडवल होतं तिथे. साखर कारखाने, सहकारी बँका, त्यांच्याभोवतीचं राजकारण आणि ओलिताची जमीन जिथे होती, तिथे. लोणी, कराड, पुणे, कोल्हापूर, नवी मुंबई. मराठवाड्यातही खासगी मेडिकल कॉलेजं निघाली, पण हातावर मोजण्याइतकी. सरकारी कॉलेजांचा वेगही रखडतच राहिला: नांदेडचं १९८८ साली, लातूरचं २००२ साली. पुढे पश्चिमेकडच्या बऱ्याच संस्था अभिमत विद्यापीठं झाल्या आणि राज्याच्या कोट्यातून बाहेर पडल्या. तरी राज्याच्या वाट्याला राहिलेल्या जागांचा मोठा भाग ‘उर्वरित’मध्येच होता.

दुसरी गोष्ट मुलांची. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जे घडलं, ते ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजलं. त्यात जादू काही नव्हती. दहावीचा निकाल लागायच्या आधीच, उन्हाळी सुट्टीत अकरावीचा अभ्यास सुरू. बारावीचा पोर्शन लवकर संपवायचा आणि उरलेले महिने सराव परीक्षांना द्यायचे. पेपर तपासून मुलाच्या हातात द्यायचा, कुठे गुण गेले ते समोर बसवून दाखवायचं, आणि तोच पेपर पुन्हा सोडवून घ्यायचा. दयानंद महाविद्यालयानं आणि नांदेड, अंबाजोगाईच्या कॉलेजांनी आपापल्या परीनं हे उचललं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं ओळीनं झळकू लागली. सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आली तरी लातूर टिकलं, ‘नीट’ ही देशपातळीवरची परीक्षा आली तरी टिकलं. नीटसाठी एनसीईआरटीची पुस्तकं घोटून घ्यायला शिक्षकांना नव्यानं तयारी करावी लागली, पण गाडी थांबली नाही.

मुलं वाढली, गुण वाढले, जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. आता सूत्र काय करतं ते पाहा. आकडे समजण्यापुरते, काल्पनिक घेतो. एका मोठ्या विभागात ३,००० जागा, छोट्या विभागात ६००. राज्यातल्या पहिल्या ३,६०० विद्यार्थ्यांत मोठ्या विभागाचे २,६००, छोट्याचे १,०००. एकच यादी असती तर छोट्या विभागाच्या १,००० मुलांना जागा मिळाल्या असत्या. ७०:३० लावलं तर छोट्या विभागातल्या ४२० जागा स्थानिकांच्या. दोन्हीकडच्या मिळून १,०८० जागा सर्वांना खुल्या. त्या आधी गुणवत्तेनं भरल्या आणि गुणवान मुलं यादीत सारखी विखुरलेली असली, तर त्यातल्या सुमारे ३०० छोट्या विभागाला. एकूण ७२०. उरलेल्या २८० मुलांच्या जागी मोठ्या विभागातली, यादीत त्यांच्याहून खाली असलेली २८० मुलं डॉक्टर होणार. जागा भरण्याचा क्रम बदलला तर हा आकडाही बदलतो. एवढा मोठा परिणाम करणारी बाब माहितीपुस्तिका वाचून सामान्य पालकाच्या लक्षात येणं कठीण.

कॅप राऊंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, याद्या लागल्या की लातूर-नांदेडच्या घराघरांत हीच तक्रार ऐकू यायची. आपल्या मुलीला नीटला जितके गुण, त्याहून कमी गुणांवर पुण्याकडच्या मुलाला सरकारी कॉलेज मिळालं, आणि आपल्याला मात्र खासगीच्या फीची तजवीज करायची किंवा वर्ष वाया घालवून ‘रिपीट’ करायचं. शेतकरी घरात या फरकाची किंमत जमिनीच्या तुकड्यात मोजावी लागते.

म्हणजे दोष ७० या आकड्यात नव्हता. नियमानं विभागाचा हक्क तिथल्या जागांवर बांधला, मुलांच्या संख्येवर नाही. जोवर विभागात शिकणारी मुलंच कमी होती, तोवर जागांचं राखण हा आधार होता. शाळा पसरल्या, मुलं बारावीच्या पुढे आली, आणि तेच राखण कुंपण झालं. तीस-पस्तीस वर्षांत हे सूत्र कुणी ठरावीक काळानं तपासून पाहिलं नाही, ही मला या प्रकरणातली सर्वात मोठी चूक वाटते. शिक्षणाचा प्रसार होत असताना कोणताही भरपाईचा नियम काही वर्षांनी नव्या आकड्यांवर घासून पाहायलाच हवा.

रद्द करणं बरोबर, पण

सूत्र रद्द झालं ते योग्य झालं. मात्र त्याच्या जागी काहीच आणलं गेलं नाही, आणि इथे माझा आक्षेप आहे.

वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली होती. १९९४ पासून मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी असलेली ही मंडळं अनुशेषावर निदान कागदोपत्री लक्ष ठेवत. म्हणजे सहा महिन्यांच्या आत प्रादेशिक असमतोल मोजणारी यंत्रणा थांबली आणि प्रवेशातला प्रादेशिक आधारही गेला. मेडिकलची राज्य यादी एक झाली, पण त्या यादीत कोण पोचतं हा प्रश्न तसाच राहिला.

लातूरच्या ट्यूशन एरियात एक चक्कर मारली की उत्तराचा एक भाग दिसतो. गल्लीगल्लीत क्लासेसचे फलक, त्यावर गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटो आणि नीटचे गुण. अभ्यासिका, मेस, एका खोलीत दोन-तीन कॉट टाकून भाड्यानं दिलेल्या रूम. रात्री उशिरापर्यंत झेरॉक्सच्या दुकानात टेस्ट पेपरच्या गठ्ठ्यांची ये-जा. ही मुलं फक्त लातूरची नाहीत. बीड, परभणी, नांदेड, सोलापूर, थेट विदर्भातूनही आलेली. ज्यांना दोन वर्षांची क्लासची फी, रूम आणि मेस परवडते, तीच इथे येतात. ‘मराठवाड्याची मुलं पुढे आली’ म्हणताना यातली किती लातूर-नांदेड या दोन शहरांतून गेली आणि किती हिंगोलीच्या कळमनुरीत किंवा जालन्याच्या मंठ्यात राहून शिकली, हे कुणी वेगळं सांगत नाही. मूळ सूत्रातही हीच उणीव होती. आठ जिल्ह्यांचा विभाग एकसंध धरला, की मागासलेपण सरासरीत बुडतं.

बीड जिल्ह्यात शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी या बाजूला जाऊन पाहा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक ‘कोयता’. मूल सोबत नेलं तर पहिली सहामाही संपताच त्याची शाळा सुटते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत आल्यावर वर्गात ते पाहुणं असतं. मागे ठेवलं तर आजी-आजोबांकडे, किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या दोन वेळच्या जेवणावर. मोठी मुलगी असेल तर कोपीवर, म्हणजे तोडीच्या तळावरच्या झोपडीत, स्वयंपाकाला आणि धाकट्याला सांभाळायला तिला न्यावंच लागतं. ज्या कारखानदारीच्या पैशातून पश्चिमेकडे मेडिकल कॉलेजं उभी राहिली, त्याच कारखान्यांचा ऊस तोडायला या मुलांचे आईबाप जातात. प्रादेशिक विषमतेच्या कोणत्याही अहवालात हा दुवा मला इतका ठळक दिसलेला नाही, जितका पाटोद्याच्या एखाद्या वस्तीशाळेच्या हजेरीपटावर दिसतो. ७०:३० असतानाही या मुलांना त्याचा उपयोग नव्हता आणि रद्द झाल्यावरही नाही. ती त्या रांगेपर्यंत पोचतच नाहीत.

तामिळनाडूनं त्याच वर्षी वेगळी वाट धरली. २०२० साली कायदा करून सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या आणि नीट पात्र झालेल्या मुलांसाठी मेडिकलच्या ७.५ टक्के जागा राखल्या. मूल कोणत्या विभागातलं हे न विचारता कोणत्या शाळेतलं हे विचारलं. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही, कारण महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भाग अनुदानित खासगी संस्थांकडे आहे आणि अकरावी-बारावी तर बहुतेक कॉलेजांत. पण जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीपर्यंत, नंतर प्रशालेत किंवा अनुदानित मराठी शाळेत दहावी, अशा मुलांसाठी काही टक्के जागा राखता येतात का, एवढा विचार तरी २०२० साली व्हायला हवा होता. असा निकष नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलालाही लागू झाला असता. नंदुरबारची साक्षरता २०११ च्या जनगणनेत राज्यात सर्वात कमी, ६४ टक्क्यांच्या आसपास होती आणि ७०:३० च्या नकाशावर हा जिल्हा मुंबई-पुण्याच्याच खान्यात, ‘उर्वरित’मध्ये बसलेला होता. मराठवाड्याच्या बाजूनं भांडणाऱ्यांनीही या जिल्ह्याचं नाव फारसं घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दरम्यान जागांची बाजू उशिरा का होईना, हलली. धाराशिवचं शासकीय मेडिकल कॉलेज २०२२ साली सुरू झालं, परभणीचं २०२३ साली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी शासकीय कॉलेजं सुरू झाली, त्यांत जालना आणि हिंगोली होते. बीडमध्ये अंबाजोगाई जुनंच. म्हणजे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आज एकेक शासकीय मेडिकल कॉलेज आहे. १९५६ पासून मोजलं तर हे व्हायला अडुसष्ट वर्षं लागली. पण स्थानिक प्राधान्य आता नाही. हिंगोलीच्या कॉलेजात हिंगोलीची मुलं किती असतील, आणि शिकून बाहेर पडलेले डॉक्टर त्या भागात किती राहतील, हा प्रश्न १९८६ च्या निकालात वैद्यकीय सेवांच्या संदर्भात विचारला गेला होता आणि तो आजही सुटलेला नाही.

उत्तर शोधायचं तर माहिती सरकारच्या हातातच आहे. सीईटी कक्षाकडे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाची दहावी-बारावीची शाळा नोंदलेली असते. दरवर्षी मेडिकलला लागलेल्या मुलांपैकी कोणत्या तालुक्यातून किती, मराठी माध्यमाची किती, जिल्हा परिषद शाळेतून आलेली किती, पहिल्या प्रयत्नात किती आणि रिपीट करून किती, एवढा तक्ता नावं वगळून जाहीर करायला कोणताही नवा कायदा लागत नाही. तो आला, की पुढच्या वेळी विभागांच्या नावानं भांडण्याऐवजी तालुक्यांवर बोट ठेवता येईल. विधिमंडळात मराठवाड्याच्या आमदारांनी पहिली मागणी या तक्त्याची करावी.